दुचाकीवरून मेळघाट : चार दिवस, तीन मुक्काम

आपल्या कष्टकरी घरांत प्रवासाची कारणे ठरलेली असतात. लग्न असते, मयत असते, नाहीतर कुणाला दवाखान्यात न्यायचे असते. निव्वळ पाहण्यासाठी, डोंगर आणि नदी डोळ्यांत साठवण्यासाठी घराबाहेर पडायचे, ही गोष्ट पैसेवाल्यांची असे आपण धरून चालतो. जंगल सफारी म्हटली की डोळ्यांपुढे उघडी जीप, गळ्यात कॅमेरा आणि हजारोंचे बिल उभे राहते. शंभर सीसीची दुचाकी, एक तंबू, दोन गोधड्या आणि शिदोरी एवढ्यावरही राष्ट्रीय उद्यानाचा मुलूख पाहता येतो, हे आम्ही दोघांनी गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर अनुभवले. ते वाचकांना सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही अमरावतीत राहतो. आमच्यापैकी एक जण दुकानात हिशेब लिहितो, तर एक जण शाळेत मुलांच्या दुपारच्या जेवणाचा स्वयंपाक करते. मुले आता कामाला लागली आहेत. दिवाळीच्या सुट्टीला जोडून चार दिवस मोकळे मिळाले आणि आम्ही मेळघाट ठरवला. अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेला सातपुड्याची जी रांग आहे, तिला गाविलगडचे डोंगर म्हणतात. तिथे घाटांचा मेळ झाला आहे, म्हणून ते मेळघाट. चिखलदरा आणि धारणी हे दोन तालुके मिळून हा भाग होतो. आमच्या गावाहून शंभर किलोमीटरच्या आत असलेला हा मुलूख आम्ही कॅलेंडरवरच्या चित्रातच जास्त पाहिला होता.

तयारी

दुचाकीवर सामान जितके कमी तितका प्रवास सुखाचा. दोघांचा तंबू, खाली अंथरायला ताडपत्रीचा तुकडा, दोन गोधड्या, दोन स्वेटर, कानटोप्या, एक विजेरी, गॅसची छोटी शेगडी, एक पातेले, दोन ताटल्या, पाच लिटर पाण्याची कॅन. खाण्यासाठी ज्वारीचे पीठ, बेसन, तिखट-मीठ, कांदे, शेंगदाण्याची चटणी. गाडीसाठी जादा ट्यूब, हवा भरायचा हातपंप, पाने आणि क्लच-ब्रेकच्या जादा तारा. टायर, ब्रेक आणि दिवे निघण्यापूर्वी मिस्त्रीकडून तपासून घेतले. घाटातून उतरताना बंद गाडी नुसती घरंगळू द्यायची नाही, इंजिन चालू ठेवून खालच्या गिअरमध्ये उतरायचे, हे मिस्त्रीने दोघांनाही बजावले. दोघांनाही अशासाठी, की आम्ही दोघेही गाडी चालवतो. निम्मा रस्ता एकाने चालवायचा, निम्मा दुसऱ्याने, असा करारच होता.

परतवाड्याच्या चौकात बाई पुढे आणि बुवा मागे अशी सामानाने लादलेली गाडी थांबली, तेव्हा चहावाल्याने विचारलेच, "कोठी चालले जी, एवढं बिऱ्हाड घेऊन?" मेळघाटात फिरायला चाललो म्हटल्यावर तो म्हणाला, "तिकडं आमी लाकडासाठी जातो, नाहीतं नौकरीसाठी. फिराले?" आणि हसत हसत त्याने चहाचे पैसे घेतले नाहीत.

पायथ्याशी

अमरावती ते परतवाडा साधारण पन्नास किलोमीटर. रस्ता सपाट, दोन्ही बाजूंना कापूस, तूर आणि मधूनमधून संत्र्याच्या बागा. परतवाडा आणि अचलपूर ही जोडगावे. अचलपूर म्हणजे जुने एलिचपूर, वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी. परतवाडा ही इंग्रजांची छावणी होती, आणि पुढे सागवानाच्या बाजारासाठी ते नाव काढून राहिले. मूर्तिजापूरहून अचलपूरला येणारी अरुंद रुळांची 'शकुंतला' गाडी जुन्या वाचकांना आठवत असेल. वऱ्हाडचा कापूस वाहून नेण्यासाठी इंग्रजांच्या काळात ही लाईन टाकली होती. आता ती धावत नाही.

परतवाड्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला पायविहीर नावाचे छोटे गाव आहे. या गावाची गोष्ट आपण सर्वांनी लक्षात ठेवावी अशी आहे. २००६ साली वनहक्क कायदा झाला. त्यात नुसत्या कसायच्या जमिनीचाच नाही, तर गावाने पिढ्यान्‌पिढ्या वापरलेल्या जंगलावर सामूहिक हक्क मागण्याचीही तरतूद आहे. पायविहीरच्या ग्रामसभेने तो मागितला आणि २०१२ साली सुमारे १९३ हेक्टर जंगलावर गावाचा हक्क मान्य झाला. ते जंगल तोडून तोडून उघडे पडले होते. गावाने तिथे झाडे लावली, माती-पाणी अडवले, चराईवर आणि तोडीवर स्वतःच बंधने घातली. आज तिथली सीताफळे गाव एकत्र करून विकते आणि त्यातून रोजगार उभा राहतो. २०१४ साली या गावाला जैवविविधतेच्या कामाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हंगाम संपत आला होता, तरी रस्त्याच्या कडेला टोपल्या घेऊन बसलेल्या बायांकडून आम्ही सीताफळे घेतली. हक्काचा कागद हातात आला की माणूस जंगल कसे सांभाळतो, हे सांगायला आम्हांला दुसरे उदाहरण लागणार नाही.

पहिला मुक्काम : चिखलदरा

इथून घाट सुरू होतो. वळणामागून वळण, एका बाजूला दरी, आणि जसजसे वर जावे तसतशी हवा गार होत जाते. सपाटीवर अंगाला चिकटणारा सदरा वर गेल्यावर अंगाभोवती फडफडू लागला. चिखलदरा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरहून अधिक उंच आहे. विदर्भातील हे एकमेव थंड हवेचे ठिकाण. १८२३ साली कॅप्टन रॉबिन्सन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने हे ठिकाण शोधले, असे पुस्तकात लिहिलेले असते. पण त्याच्या आधी शेकडो वर्षे इथे कोरकू आणि गवळी राहत होतेच. गाविलगड हे नावच मुळी गवळ्यांवरून पडले. तेव्हा 'शोधले' म्हणजे साहेबाला दिसले, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

ओळखीच्या एका कुटुंबाच्या परसात त्यांच्या परवानगीने आम्ही तंबू ठोकला. शेजारी कॉफीची झुडपे होती. महाराष्ट्रात कॉफी होणाऱ्या ज्या मोजक्या जागा आहेत, त्यांत चिखलदरा आहे. संध्याकाळी पंचबोल पॉइंटवर गेलो. तिथे दरीकडे तोंड करून हाक मारली की डोंगर ती परत करतात. आम्ही एकमेकांना नावाने हाका मारल्या. लग्नाला तेवीस वर्षे झाली. एकमेकांचे नाव इतक्या मोठ्याने घेण्याची ही पहिलीच वेळ.

रात्री पिठले-भाकर केली. थंडी अशी की स्वेटरवर गोधडी आणि गोधडीवर ताडपत्री ओढून घ्यावी लागली. पण आकाश! गावात दिव्यांच्या उजेडात जे तारे कधी दिसत नाहीत, ते सारे डोक्यावर उतरून आल्यासारखे होते. पहाटे तंबूच्या कापडावर दव साचून पाण्याचे थेंब आत टपकले तेव्हा जाग आली.

सकाळी गाविलगड पाहिला. बहमनी सुलतान अहमदशहाने १४२५ च्या सुमारास हा किल्ला बांधला किंवा बळकट केला, असे इतिहासकार सांगतात. दरवाजावर दगडात कोरलेले शार्दूल आहेत. तटबंदी मैलोन्‌मैल पसरलेली, आत तळी आणि ढासळलेल्या इमारती. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्ली याने नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यातील हा किल्ला घेतला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह होऊन वऱ्हाडचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ साली वॉटर्लूला त्याने नेपोलियनला हरवले. त्या लढाईत ज्यांनी अवजड तोफा या कड्यांवरून ओढून आणल्या, ते बैल आणि ते मजूर मात्र कुठल्या दगडावर कोरलेले नाहीत. किल्ले पाहताना मुलांना राजा आणि सेनापती दाखवावेत, आणि हा दगड कुणी वाहिला असेल, हेही विचारावे.

दुसरा मुक्काम : सेमाडोह

चिखलदऱ्याहून सेमाडोहकडे उतरणारा रस्ता म्हणजे या प्रवासातील सर्वांत देखणा भाग. दोन्ही बाजूंना सागवान. सागाची पाने परातीएवढी मोठी, आणि वाऱ्यावर त्यांचा जो आवाज होतो तो पावसासारखा. पहिल्यांदा आम्ही खरोखरच वर आभाळाकडे पाहिले. मधूनमधून ऐन, धावडा, तिवस, आवळा आणि बांबूची बेटे. दुचाकीचा एक फायदा असा, की जंगलाचा वास येतो. वाळलेल्या गवताचा वास, ओल्या मातीचा वास, कुठेतरी नाल्याकाठी गारव्याचा वास. बंद काचेच्या मोटारीतून हे मिळत नाही.

इथे वाचकांनी नियम समजून घ्यावेत. मेळघाट हा देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. १९७३-७४ साली तो जाहीर झाला आणि त्या वेळी महाराष्ट्रातला तो एकमेव होता. सर्व मिळून प्रकल्पाचे क्षेत्र २,७६८ चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. त्यापैकी दीड हजार चौरस किलोमीटर गाभा क्षेत्र आहे, आणि त्याच्या पोटात ३६१ चौरस किलोमीटरचे गुगामल राष्ट्रीय उद्यान. परतवाडा-सेमाडोह-हरिसाल-धारणी हा वाहतुकीचा रस्ता या जंगलातून जातो. त्यावर आपली दुचाकी चालते, पण रस्ता सोडून आत शिरता येत नाही. आतल्या फेरीसाठी वनखात्याने ठरवलेले वाहन आणि सोबत मार्गदर्शक घ्यावाच लागतो. हवे तिथे तंबू ठोकता येत नाही, विस्तव पेटवता येत नाही. अंधार पडण्यापूर्वी मुक्काम गाठायचा. हे नियम जाचक वाटण्याचे कारण नाही. एका विडीच्या थोटकाने उन्हाळ्यात डोंगरच्या डोंगर जळतात.

म्हणून सेमाडोहला आमचा तंबू गाडीवरच बांधलेला राहिला. तिथे सिपना नदीच्या काठी वनखात्याचे पर्यटन संकुल आहे, त्यात आम्ही साधी खोली घेतली. सिपना हा कोरकू शब्द, त्याचा अर्थ सागवान. नदीलाच झाडाचे नाव दिले आहे. सिपना, गडगा, खंडू, खापरा आणि डोलार या पाच नद्या मेळघाटातून निघतात आणि सारे पाणी तापीला नेऊन देतात. आपण सपाटीवर ज्या नद्यांवर जगतो, त्या डोंगरात अशा थेंब थेंब साठून निघतात. डोंगरावरचे झाड उभे राहिले तर खालची विहीर भरते, हे भूगोलाच्या पुस्तकात वाचले होते. सिपनेच्या थंडगार पाण्यात पाय सोडून बसल्यावर ते पटले.

दुसऱ्या दिवशी पहाटे इतर चार पर्यटकांबरोबर खर्च वाटून घेऊन फेरीला गेलो. वाघ दिसला नाही. त्याच्या पंजांचे ठसे मात्र धुळीत ताजे होते. मार्गदर्शक गाडी थांबवून खाली वाकला आणि बोटाने न शिवता आम्हांला दाखवू लागला, हा मागचा पाय, हा पुढचा. रानगव्यांचा कळप दिसला. काळेभोर अंग आणि गुडघ्यापर्यंत पांढरे पाय, जणू मोजे घातले आहेत. सांबर दिसले, भेकराचे भुंकणे ऐकले.

आणि एक पाहुणा असा दिसला, की ज्याची ओळख करून देणे आम्हांला महत्त्वाचे वाटते. रानपिंगळा. मूठभर आकाराचे घुबड. निष्पर्ण फांदीवर भर उजेडात शेपूट हलवत बसले होते. बहुतेक घुबडे रात्री शिकार करतात, हे दिवसा करते. १८७३ साली शास्त्रज्ञांनी याची नोंद केली, १८८४ नंतर त्याचा नमुना कुणाला मिळाला नाही, आणि तो नामशेष झाला असे मानले गेले. तब्बल ११३ वर्षांनी, १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये, पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो नंदुरबारकडे शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा दिसला. नंतर मेळघाटातही सापडला. आपल्या घरांत घुबड दिसले की अशुभ म्हणून दगड मारणारे अजून आहेत. हा बिचारा उंदीर, सरडे आणि टोळ खाऊन शेतकऱ्याचेच काम करतो. त्याला पाहण्यासाठी परदेशातून माणसे येतात. तेव्हा मुलांना घुबडाची भीती घालू नका, ही विनंती.

तिसरा मुक्काम : एका कोरकू अंगणात

सेमाडोहहून हरिसालकडे निघालो. एका चढावर मागचे चाक बसले. ट्यूब बदलायला आम्ही सामान उतरवत होतो तोच मोळी घेऊन जाणाऱ्या तीन बाया थांबल्या. एकीने न सांगता गाडी तोलून धरली, दुसरीने पाणी दिले. काम झाल्यावर त्यांनीच विचारले, रात्री कुठे राहणार? आणि गाव जवळच आहे, चला म्हणाल्या. त्यांचे गाव गाभा क्षेत्राबाहेर, रस्त्यालगत होते. गावातल्या पोलीस पाटलांना विचारून आम्ही त्यांच्यापैकी एकीच्या अंगणात तंबू लावला.

कोरकू गावाची रचना पाहण्यासारखी असते. मधोमध रुंद रस्ता आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर घरांच्या ओळी. भिंती कुडाच्या, शेणामातीने सारवलेल्या, अंगण इतके स्वच्छ की चप्पल घालून जायला संकोच वाटावा. गावाबाहेर सागाच्या कोरीव फळ्या रोवलेल्या दिसल्या. त्यांना मुंडा म्हणतात. मेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी त्या उभारतात, आणि त्यावर सूर्य, चंद्र व माणसांच्या आकृती कोरतात. मेळघाटात कोरकूंशिवाय गोंड, निहाल, बलाई, गवळी असे समाजही राहतात, पण संख्येने कोरकू सर्वांत जास्त.

त्यांची भाषा ऐकली आणि आम्ही थक्क झालो. मराठीचा तिच्याशी काही संबंध नाही, हिंदीचाही नाही, गोंडीचाही नाही. ती मुंडा कुळातली, म्हणजे झारखंडकडच्या संथाली आणि मुंडारीची बहीण. त्या कुळातली सर्वांत पश्चिमेकडची भाषा ती हीच. 'कोरकू' या शब्दाचा अर्थही नुसता 'माणसे' असा आहे. शाळेत पहिलीत जाणारे कोरकू मूल मराठी पुस्तकापुढे कसे गोंधळत असेल, याची कल्पना आम्हांला त्या रात्री आली. अंगणातली चार-पाच वर्षांची पोरगी आमच्याशी भरभरून बोलत होती, आणि आम्हांला त्यातले एक अक्षर कळत नव्हते. त्या अंगणात अडाणी कोण होते, ते सांगायला नको.

रात्री त्या बाईंनी मक्याची भाकर आणि कोरा चहा दिला, आम्ही आमची शेंगदाण्याची चटणी पुढे केली. बोलता बोलता विषय कामावर आला. "आता आठ दिवसांनी आमी बी जातो," त्या म्हणाल्या. कुठे? "कापूस वेचाले, मग संत्र्यावर. इथं पाऊस गेला का काम गेलं. होळीले वापस येतो. होळी आमची इथंच पाहिजे." लेकरे? "लेकरं संगंच." आमच्यापैकी जी शाळेत स्वयंपाक करते, तिच्या मनात लगेच हिशेब आला. हे मूल चार महिने अंगणवाडीच्या ताटापासून दूर राहणार.

हा हिशेब साधा नाही. १९९३ साली मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी सारा महाराष्ट्र हादरला होता. ज्या डोंगरांच्या चित्रांची कॅलेंडरे छापली जातात, त्याच डोंगरांत लेकरे कुपोषणाने जात होती. उच्च न्यायालयात जनहित याचिका झाल्या. १९९५ साली नवसंजीवनी योजना आली. २०१५ साली अमृत आहार योजना सुरू झाली, तीत गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे गरम जेवण आणि बालकांना अंडी किंवा केळी देण्याची तरतूद आहे. त्या गावातही अंगणवाडी होती, बाई नियमाने येतात असे सर्वांनी सांगितले. परिस्थिती पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारली आहे. पण रोजगारासाठी घर सोडावे लागले की योजनेचे ताट मागे राहते आणि लेकरू पुढे जाते.

मग वाघाचा विषय निघाला. बाईंच्या माहेरचे गाव आत गाभ्यात होते. ते उठून पायथ्याला गेले. अशी अनेक गावे हलवली गेली. बोरी, कोहा आणि कुंड ही सुरुवातीची तीन. नियमाप्रमाणे गाव स्वेच्छेने उठले पाहिजे, त्यासाठी ग्रामसभेची संमती लागते. प्रत्येक कुटुंबाला २००८ पासून दहा लाख रुपये किंवा जमिनीसह पुनर्वसन, असा पर्याय होता. २०२१ साली ती रक्कम पंधरा लाख झाली. खाली दवाखाना जवळ आहे, शाळा जवळ आहे, वीज आहे, हे बाईंनीही मान्य केले. "पण माय म्हणते, तिथं मोहाचं झाड नाही. सरपण इकत घ्या लागते. पैसे आले तसे गेले." मिळालेल्या सोयींवर आणि जमिनीवर नाराज होऊन काही पुनर्वसित कुटुंबे पुन्हा जंगलात परतली होती आणि २०१९ च्या जानेवारीत त्यांचा वन कर्मचाऱ्यांशी संघर्ष झाला, दोन्हीकडची माणसे जखमी झाली, हे वाचकांच्या स्मरणात असेल.

"तुमी वाघ पाह्याले आले," बाई म्हणाल्या, "पाहा ना. पण आमालेबी पाहा."

या वाक्यावर आम्ही रात्री पुष्कळ वेळ बोलत राहिलो. वाघ जगला पाहिजे, यात आम्हां दोघांचे दुमत नाही. वाघ राहिला तर जंगल राहील, जंगल राहिले तर सिपनेला पाणी राहील, आणि ते पाणी खालच्या सर्वांचे आहे. पण त्याची किंमत एकट्या कोरकूनेच का मोजावी? रस्ता आम्ही वापरतो, सागाचा दरवाजा शहरातल्या घराला लागतो, आणि घर मात्र त्याचे उठते. पायविहीरचे १९३ हेक्टर आणि हे अंगण यांत एका दिवसाचे अंतर होते. तिथे गावाला हक्क देऊन जंगल वाढले. जिथे गाव उठवणे खरोखर अटळ आहे, तिथे पैसा देऊन मोकळे न होता जमीन, पाणी, सरपण आणि दवाखाना आधी उभा करून मग गावाला विचारले पाहिजे. एवढी गोष्ट समजायला शिक्षण लागत नाही. ज्याने एकदा भाड्याचे घर रिकामे केले आहे त्याला ती समजते.

याच धारणी तालुक्यात बैरागड नावाचे गाव आहे. तिथे डॉ. रवींद्र कोल्हे १९८० च्या दशकात जाऊन राहिले आणि पुढे डॉ. स्मिता कोल्हे त्यांच्याबरोबर आल्या. या दांपत्याने आयुष्य तिथल्या लोकांच्या आरोग्यासाठी आणि शेतीसाठी घातले. २०१९ साली दोघांना पद्मश्री मिळाली. आम्ही चार दिवसांचे प्रवासी. त्यांच्याशी आमची तुलना करण्याचा प्रश्नच नाही. पण नवरा-बायकोने मिळून एखाद्या मुलखाकडे पाहायचे ठरवले तर ते किती दूर जाऊ शकते, हे त्या दोघांकडे पाहून कळते.

जाणाऱ्यांसाठी चार शब्द

चौथ्या दिवशी सेमाडोह, घटांग, परतवाडा या मार्गाने घरी आलो. सारा प्रवास तीनशे किलोमीटरच्या आसपास झाला. खर्चातला मोठा भाग पेट्रोल आणि सफारीचा. जेवण आणि दोन मुक्काम जवळजवळ घरच्याच खर्चात झाले.

ज्यांना जायचे असेल त्यांनी पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जावे. उन्हाळ्यात पाने गळून जंगल उघडे होते आणि जनावरे पाणवठ्यावर दिसतात, पण दुचाकीवर ऊन सोसत नाही. पेट्रोल परतवाड्यातच भरून घ्यावे. मोबाईलला अनेक ठिकाणी रेंज नसते, म्हणून घरच्यांना मुक्कामाची ठिकाणे आधीच लिहून द्यावीत. सफारीची आणि खोलीची चौकशी वनखात्याकडे निघण्यापूर्वी करावी. दोघांनीही हेल्मेट घालावे. जंगलातल्या रस्त्यावर गाडी सावकाश चालवावी, भोंगा वाजवू नये, माकडांना खायला टाकू नये. प्लास्टिकचा एक कपटाही तिथे टाकू नये, परत आणावा.

सीताफळ, आवळा, मध, जे काही घ्याल ते शक्यतो गावातल्या माणसाकडून घ्या आणि भाव पाडून मागू नका. कुणाचा फोटो काढायचा तर आधी विचारा. मार्गदर्शकाला त्याचे गाव विचारा, त्याच्या भाषेतले चार शब्द विचारा. आम्ही त्या पोरीकडून पाण्याला, भाकरीला आणि झाडाला काय म्हणतात ते शिकलो. तिने आमच्याकडून 'अमरावती' म्हणायला शिकून घेतले. आता होळीला ते कुटुंब गावी परत येईल. तेव्हा तिथे पाच दिवस सण असतो, या, असे निमंत्रण आहे. पोरीसाठी चित्रांचे पुस्तक घेऊन ठेवले आहे.